दुसरी पसंती

२०१९ च्या मे महिन्यातली गोष्ट. चोवीस तारीख, शुक्रवार. मी आणि माझी म्हापशाची मैत्रीण ऑफिसातून परस्पर मतदानाला गेलो. आयर्लंडमधल्या गॉलवेला मे महिन्यात संध्याकाळचे आठ म्हणजे लख्ख उजेड, आणि मतदान रात्री दहापर्यंत, त्यामुळे घाई नव्हती. केंद्र प्राथमिक शाळेत. भिंतीवर पोरांनी काढलेल्या मेंढ्या, कोपऱ्यात लहान खुर्च्यांची चळत. टेबलामागच्या बाई यादीवर पट्टी सरकवत नावं शोधत होत्या.

आमच्या पुढे गल्लीतले एक आजोबा होते. त्यांना तीन कागद मिळाले. मैत्रिणीला दोन. मला एक.

मला वाटलं, माझे दोन द्यायचे राहिले. तशीच उभी राहिले. बाईंनी शांतपणे यादी माझ्याकडे वळवली. नावाशेजारी एक अक्षर होतं. माझ्या नावापुढे ‘एल’, मैत्रिणीच्या नावापुढे ‘ई’, आणि आजोबांच्या नावापुढे काहीच नाही. ज्याला सगळंच आहे त्याच्या नावापुढे काही लिहावं लागत नाही.

एल म्हणजे लोकल. आयर्लंडमध्ये राहणारा अठरा वर्षांवरचा कोणीही, कुठल्याही देशाचा असो, स्थानिक निवडणुकीत मत देऊ शकतो. हे मला फार दिलदारपणाचं वाटलं होतं आणि अजूनही वाटतं. रस्त्यातला खड्डा तुमच्याही चाकाखाली येतो, तर नगरसेवक तुम्हीही निवडा. दुसरा कागद युरोपियन संसदेचा. तो आयरिश नागरिकांना आणि इथे राहणाऱ्या युरोपियन संघाच्या नागरिकांना. तिसरा घटनादुरुस्तीच्या सार्वमताचा. त्या वर्षी घटस्फोटाच्या अटी सैल करायच्या की नाही हा प्रश्न होता. तो फक्त आयरिश नागरिकांना.

आता माझी मैत्रीण युरोपियन कशी? तर तिचे आजोबा १९६१ च्या आधी म्हापशाला जन्मले. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालच्या कायद्याने तिथे जन्मनोंद करून नागरिकत्व घेता येतं. तिने घेतलं. लिस्बनला ती आयुष्यात एकदाच गेली, तेही विमान बदलायला. पोर्तुगीज येतं म्हणजे ‘देव बरें करूं’ऐवजी ‘ओब्रिगाद’ म्हणता येतं इतकंच. मी तिच्या दोन वर्षं आधी इथे आले, कर तिच्याइतकाच भरते, पाऊस तिच्याइतकाच खाते. पण आजोबांचं गाव गोव्याच्या हद्दीवरच्या बांद्याच्या अलीकडे की पलीकडे, एवढ्यावर एक कागद गेला. माझं तोंड बघून ती म्हणाली, “तुका जाय जाल्यार म्हजो कागद घे.” हसलो दोघी. मी माझा एकुलता कागद पेटीत टाकला. तिच्या हातातला लांबलचक कागद मात्र डोळ्यांसमोरून गेला नाही.

त्या निवडणुकीची एक गंमत नंतर कळली. ब्रिटन युरोपियन संघातून जाणार होतं पण गेलं नव्हतं. ते गेल्यावर त्यांच्या ७३ जागांपैकी काही इतर देशांना वाटल्या जाणार होत्या आणि आयर्लंडच्या वाट्याला दोन येणार होत्या. म्हणून इथे ११ च्या जागी १३ जण निवडून दिले. डब्लिन आणि साउथ या दोन मतदारसंघांत शेवटच्या क्रमांकावर निवडून आलेल्यांना सांगितलं, तुम्ही निवडून आलात, अभिनंदन, आता ब्रिटन उठेपर्यंत थांबा. बॅरी अँड्र्यूज आणि डिअर्ड्रा क्लून हे ते दोघे. कोकणकन्येच्या आरएसीवर रात्र काढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. त्यांची सीट कन्फर्म झाली १ फेब्रुवारी २०२० ला.

माझी व्हायला आणखी तीन वर्षं लागली. किलार्नीच्या मोठ्या सभागृहात, शेकडो अनोळखी माणसांबरोबर उभं राहून मी २०२३ मध्ये शपथ घेतली. बाहेर नवऱ्याने फोटो काढले. महिनाभराने भारतीय पासपोर्ट रद्द होऊन परत आला. वडिलांना फोनवर सांगितलं. ते निवृत्त हायस्कूल शिक्षक. आमचं गाव मालवण तालुक्यात. पेढे वाटतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, “बरा झाला.” मग थोडं थांबून, “मगे तुझा हयला मत?”

तिथलं मत गेलं, बाबा. ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाला मिळणाऱ्या कार्डावर, जमीन राहते, येणं-जाणं राहतं, मत राहत नाही.

ते काही बोलले नाहीत. आमच्याकडे मतदान हा घरचा सण असल्यासारखं असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत सकाळी सातलाच रांगेत, आई नऊवारी नाही पण इस्त्रीची साडी नेसून, आणि येताना कोणाकडे तरी चहा. गेल्या दोन निवडणुकांना मी तिथे नव्हतेच, तरी यादीत नाव होतं. वडील प्रत्येक वेळी बघून यायचे आणि सांगायचे, “तुझा नाव आसा हां.” आता तेही काढायला त्यांनाच जावं लागलं.

आमच्या भागात आयर्लंड म्हणजे वराडकर. वराड आमच्यापासून फार लांब नाही. लिओ वराडकर २०१९ च्या डिसेंबरअखेर तिथे येऊन गेले तेव्हा वडिलांना तीन ठिकाणांहून फोन आले होते, तुझी मुलगी त्यांना ओळखते ना म्हणून. मी त्यांना एकदाच लांबून पाहिलंय. पण गावाच्या दृष्टीने आयर्लंडचा पंतप्रधान आणि मी शेजारी-शेजारीच राहत होतो. २०२४ च्या मार्चमध्ये त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं तेव्हा वडिलांनी मलाच जाब विचारला, “कित्याक सोडल्यान?” जणू मी सांगितलं असतं तर थांबले असते.

तर २०२४. आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं मतदान ७ मे ला झालं. ४ जूनला निकाल. वडिलांनी सकाळपासून टीव्ही लावला आणि दुपारच्या चहापर्यंत देशाचं काय झालं ते समजलं. ६४ कोटी मतं, एका दिवसात मोजून मोकळे. तीन दिवसांनी, ७ जूनला, माझी पाळी. या खेपेला यादीत माझ्या नावापुढे काहीच नव्हतं.

युरोपियन संसदेच्या निवडणुकीत सत्तावीस देश चार दिवसांत मत देतात. ६ ते ९ जून. पण ती एक निवडणूक नाही. सत्तावीस वेगळ्या निवडणुका एका आठवड्यात कोंबलेल्या आहेत. प्रत्येक देशाची पद्धत आपली, पक्ष आपले, भांडणं तर आपलीच. ७२० जागा. जर्मनीला ९६, माल्टाला ६. माल्टाची सगळी लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे नव्वदेक हजार माणसांमागे एक खासदार. जर्मनीत तोच आठ-नऊ लाखांमागे. लहान देश चिरडला जाऊ नये म्हणून हे मुद्दाम असं ठेवलंय. आयर्लंडला १४. अख्ख्या देशाची लोकसंख्या महाराष्ट्रातल्या दोन-सव्वादोन लोकसभा मतदारसंघांएवढी, तिला चौदा जण. वडिलांना हे सांगितल्यावर त्यांनी पहिली प्रतिक्रिया दिली ती अशी की मग आमका कमी कित्याक. मतदारसंघांच्या फेररचनेची भीती तेव्हा आपल्याकडे दक्षिणेत घोंघावत होतीच. हा प्रश्न फक्त माल्टाचा नाही.

माझा मतदारसंघ मिडलँड्स-नॉर्थ-वेस्ट. देशातल्या २६ पैकी १५ काउंटी, म्हणजे जिल्हे, त्यात. डोनेगलच्या टोकापासून डब्लिनच्या कुंपणाला लागलेल्या किल्डेअरपर्यंत. पाच जागा, सत्तावीस उमेदवार. महिनाभर दिव्याच्या खांबांवर चेहरेच चेहरे. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेले, वाऱ्याने फडफडणारे, पावसाने फुगलेले. आणि उमेदवार कसले कसले! नीना कारबेरी घोड्यांच्या शर्यतींतली नामांकित जॉकी. मारिया वॉल्श २०१४ ची ‘रोझ ऑफ ट्रेली’, म्हणजे इथल्या घरोघरी बघितल्या जाणाऱ्या सोहळ्याची मानकरी. कियारान मुलूली टीव्हीवरचे बातमीदार. बॅरी कोवन माजी पंतप्रधानांचे भाऊ. आणि लूक ‘मिंग’ फ्लॅनगन, हनुवटीवरच्या दाढीमुळे एका जुन्या खलनायकाचं नाव पडलेले. ते नाव त्यांनी थेट मतपत्रिकेवर नेलं. बोगमधलं, म्हणजे दलदलीतलं, पीट ही जळाऊ माती कापून चुलीत घालायचा गावकऱ्यांचा हक्क युरोपच्या संवर्धन नियमांत अडकला, त्यावरून लढत ते पुढे आले आणि ब्रसेल्सला, म्हणजे युरोपियन संसदेत, पोहोचले. ब्रसेल्सशी भांडायला ब्रसेल्सलाच पाठवायचं, हे तर्कशास्त्र मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

प्रचारात युरोप किती होता? घरं मिळत नाहीत, निर्वासितांना कुठे ठेवायचं, डॉक्टरची तारीख मिळत नाही. निम्मं भांडण डब्लिनच्या सरकारशी. पण शेतकऱ्यांकडे गेलात की युरोप एकदम खरा होतो. एका हेक्टरवर गाईंच्या शेणामुताचा नायट्रोजन किती पडावा याची मर्यादा युरोपचा कायदा ठरवतो. आयर्लंडला त्यात सवलत आहे, आणि ती बऱ्याच शेतकऱ्यांसाठी २०२४ पासून २५० किलोवरून २२० वर आली. म्हणजे गोठ्यातल्या काही गाई विकायच्या किंवा जमीन भाड्याने घ्यायची. माझ्या सोबत काम करणाऱ्या एकाच्या वडिलांच्या साठ गाई. तो म्हणाला, “आमच्या घरी ब्रसेल्सचं नाव रोज निघतं, कधी चांगल्या शब्दात नाही.”

आमच्या घरीही निघायचं, एक वर्षभर. १ मे २०१४ पासून युरोपने हापूस घेणं बंद केलं, फळमाशी सापडली म्हणून. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूही. ऐन हंगामात. अळूवडीने युरोपचं काय घोडं मारलं, हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढच्या वर्षी आंब्यावरची बंदी उठली. पण तेव्हा गावात ‘युरोप’ म्हणजे कोणीतरी एक खवचट माणूस असावा असंच सगळे बोलायचे. मला आता माहीत आहे की तो निर्णय या संसदेचा नव्हता, युरोपियन आयोगाच्या, म्हणजे संघाचा कारभार चालवणाऱ्या मंडळाच्या, यंत्रणेचा होता. कायद्याचा प्रस्ताव मांडण्याचा अधिकारच या संसदेला नाही. प्रस्ताव आयोग आणतो. संसद त्यात बदल करते, अडवते, सरकारांच्या परिषदेशी घासाघीस करून पास करते. खासदार देशाप्रमाणे बसत नाहीत, विचारांच्या गटांप्रमाणे बसतात. फियना फॉल आणि फिने गेल हे पक्ष डब्लिनला एका सरकारात, तिकडे वेगवेगळ्या गटांत. बहुतेक महिन्यांत चार दिवस सगळं बिऱ्हाड ब्रसेल्सहून स्ट्रासबर्गला हलतं, फाइलींच्या पेट्यांसकट, आणि परत येतं. हा खर्च कोणालाच आवडत नाही आणि करारात लिहिलेला असल्यामुळे तो थांबतही नाही.

एका गोष्टीचा मात्र मला हेवा वाटतो. तिथे २४ भाषांत काम चालतं, आणि २०२२ पासून आयरिश भाषेलाही पूर्ण दर्जा आहे. शाळेबाहेर रोज ही भाषा बोलणारे किती, तर आमच्या एखाद्या तालुक्याएवढी माणसं. गॉलवेच्या पश्चिमेला कॉनेमारात ती अजून दुकानात ऐकू येते. त्यांनी ठरवलं, आमची भाषा बोलणारे थोडे आहेत, पण भाषा देशाची आहे, दुभाषी द्या. दिले.

७ जूनला संध्याकाळी त्याच शाळेत गेले. तीच मैत्रीण बरोबर. आता तिला दोन कागद, मलाही दोन. सार्वमत नव्हतं या वेळी. युरोपचा कागद दोन फुटांहून लांब. बूथच्या फळीवर तो मावेना, खाली गुडघ्यापर्यंत लोंबत होता. सत्तावीस नावं, आडनावाच्या वर्णक्रमाने, प्रत्येकाचा रंगीत फोटो, पक्षाचं चिन्ह आणि शेजारी रिकामा चौकोन. दोरीने बांधलेली पेन्सिल. शाई नाही, बटण नाही, पीं आवाज नाही.

चौकोनात फुली मारायची नसते. आकडे घालायचे असतात. १, २, ३. जितके घालावेसे वाटतील तितके.

१ लिहायला दहा सेकंद लागले. २ पण पटकन. ३ ला मी थांबले. आयुष्यात आजवर मी मत दिलं होतं ते कोणासाठी आणि त्याहून जास्त कोणाविरुद्ध. आता पेन्सिल विचारत होती, बरं, हा नाही आला तर कोण? तोही नाही तर? चौथा लिहिताना मी अशा बाईंचा फोटो बघत होते जिच्याशी घरांबद्दल माझं पटतं आणि गाईंबद्दल अजिबात पटत नाही. पाचव्याला एक असा गृहस्थ, ज्याचं पत्रक मी दारातून आलं तसं कचऱ्यात टाकलं होतं, पण एका चर्चेत तो एकटाच शेजारच्याचं पूर्ण ऐकून घेऊन बोलला होता. सातपर्यंत गेले. खालचे काही चेहरे असे होते की त्यांना सत्ताविसावा आकडासुद्धा मला देववला नसता. परदेशी माणसं परत पाठवा म्हणणारे त्यात होते. ते चौकोन मी कोरे सोडले. बाहेर मैत्रीण वाट बघत उभी. “इतलो वेळ?” म्हणाली. तिने फक्त तीनच आकडे घातले होते.

मोजणी रविवारपर्यंत जाहीर होत नाही. सगळ्या युरोपात शेवटचं मतदान संपल्याशिवाय कोणी आकडा सांगायचा नाही. आमच्या मतदारसंघाची मोजणी मेयो काउंटीतल्या कॅसलबारला, एका नाट्यगृहात. टीव्हीवर दाखवत होते. लांब टेबलं, कागद उलगडणारी माणसं, आणि कठड्याच्या या बाजूला पाठीत वाकून उभे टॅलीमन. प्रत्येक पक्षाचे जुनेजाणते कार्यकर्ते. कागद उघडला की पहिला आकडा कुठे आहे ते वहीत टिपायचं. अधिकृत आकडा येण्याच्या कितीतरी तास आधी हे लोक सांगतात कोणाचं काय होणार, आणि बहुतेक बरोबर सांगतात. यंत्र एकदा आणून बघितलं होतं या देशाने. करोडो युरोची मतदान यंत्रं घेतली, २००२ मध्ये मोजक्या मतदारसंघांत वापरून बघितली, विश्वास बसेना म्हणून पुढे वापरलीच नाहीत आणि २०१२ मध्ये भंगारात काढली. टॅलीमनचा धंदा वाचला.

मी हे वडिलांना समजावू लागले. पाच जागा, म्हणून कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून थोडा जास्त. पहिल्या फेरीत आमच्याकडे कोणीच तिथे पोहोचलं नाही. मग तळातल्याला बाद करायचं, त्याच्या मतपत्रिकांवर २ कुठे आहे ते बघून त्या त्या गठ्ठ्यात…

“गो, ह्या आमच्या पदवीधरासारख्याच मां,” वडील मध्येच म्हणाले.

मी गप्प. वीस वर्षं ते कोकण पदवीधर मतदारसंघात मत देतायत आणि मी त्यांना पसंतीक्रम शिकवत होते. विधान परिषदेला, राज्यसभेला, राष्ट्रपतीला आपण हेच करतो. १९६९ ला व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीवर तरले, हे त्यांनीच मला शाळेत सांगितलेलं. योगायोगाने त्यांच्या पदवीधरची निवडणूक २६ जूनला होती. दर वेळी यादी नव्याने होते, नव्याने फॉर्म भरावा लागतो, म्हणून बरेच पदवीधर वगळले जातात. वडील पदवीची झेरॉक्स साक्षांकित करून पहिल्या आठवड्यात देऊन आलेले.

“मग तुम्ही किती नंबर घालता?”

“एक.”

“फक्त एक?”

“सगळे सांगतत एकच घाला. दुसरो घातलो तर आपल्याच माणसाक धोको.”

हे त्यांचं बरोबर की चूक यावर आमचा आठवडाभर वाद चालला. दुसरा आकडा पहिल्याला कधीच मारत नाही, पहिला बाद झाला किंवा त्याला गरजेपेक्षा जास्त मिळाली तरच तो उघडतो, हे मी कागदावर आकडे मांडून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. त्यांनी गणित तपासलं, एक बेरीज चुकलेली काढून दिली, आणि मान्य काही केलं नाही.

इकडे कॅसलबारला रोज थोडं थोडं. सोमवार, मंगळवार, बुधवार. माझ्या पहिल्या आकड्याचा माणूस लवकर पडला. वडील रोज रात्री विचारायचे, “तुझा मत आता खंय आसा?” जणू ते एसटीने निघालंय आणि कुठल्या फाट्याला आहे ते सांगायचंय. माझ्या यादीवरून मी सांगायचे. आज दोन नंबरकडे गेलं. आज तीही बाद, तीन नंबर आधीच गेलेला, म्हणून चारकडे. पाच वर्षांपूर्वी साउथ मतदारसंघात शेवटच्या फेऱ्यांत दोन उमेदवारांतला फरक काहीशे मतांचा राहिला होता आणि पूर्ण फेरमोजणीला २८ दिवस लागतील असा अंदाज निघाला, तेव्हा हरणाऱ्या उमेदवार बाईंनी मागणी मागे घेतली. मी हे सांगितल्यावर वडील म्हणाले, अठ्ठावीस दिवसांत आमच्याकडे दोन सरकारं पडतात.

आठवडा संपता संपता निकाल पुरा झाला. फ्लॅनगन, कारबेरी, कोवन, वॉल्श, मुलूली. माझं मत त्यांतल्या एकाकडे जाऊन थांबलं. सातव्या आकड्याला. त्या माणसाला मी सातवा आकडा का दिला हे मला नीट आठवतही नव्हतं. तरी मी त्याच्या निवडून येण्यात आहे. हे चांगलं वाटावं की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

खांबांवरचे चेहरे सात दिवसांत उतरवावे लागतात. उतरवले. प्लॅस्टिकच्या पट्ट्या मात्र कोणी कापत नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या खांबाला अजून चार आहेत, त्यातली एक बहुधा २०१९ ची.

२६ जूनला संध्याकाळी वडिलांना फोन केला. पाऊस धो धो होता, तरी छत्री घेऊन गेले होते. जांभळ्या पेनाची शाई अंगठ्याला लागली म्हणून आई ओरडली, वगैरे. मी विचारलं, एकच आकडा ना?

“दोन घातले.”

“कोणाला दिला दुसरा?”

फोनवर पाऊस ऐकू येत होता.

“दुसरी पसंती कोण सांगता काय गो?” असं म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला.